साठेकाकांच्या गॅलरीत पडलेली विमानं

कुणाच्या घरी जुनी वर्तमानपत्रं साठतात, कुणाकडे श्रीखंडाचे रिकामे डबे. आमच्या शेजारी साठेकाकांकडे पडलेली विमानं साठली आहेत. एक सांगायला घेतलं की त्याच्या शेपटीला धरून दुसरं येतं. माझी मेथी निवडून होते, तरी काकांचं एकही विमान धड उतरलेलं नसतं!

काकांची नोकरीच तशी होती. कुणाचं छोटं खासगी विमान पडलं की सरकारतर्फे जाऊन चौकशी करायची. बदली होऊन कलकत्त्याला आले आणि इथेच रिटायर झाले. बेहालाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांची गॅलरी आणि माझी गॅलरी यांच्यात एक जाळी आहे, म्हणजे काहीच नाही. शिवाय काका बोलतात मोठ्यानं. मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, पण विमानं का पडतात यावर मला आता कुणीही परीक्षेला बसवावं.

नावं मात्र काका सांगत नाहीत. मी खूप प्रयत्न केले. "शोभा, नावात काय ठेवलंय? सगळे एकाच साच्यातले," म्हणतात. आता नाव नाही म्हटल्यावर माझी निम्मी मजा जाते, पण चालायचंच.

हल्ली या किश्श्यांना धार आली ती मृणालमुळे. मृणाल ही काकांची एकुलती एक. तिला निखिल आवडलाय. मुलगा मराठी, नोकरी चांगली, घरचे लोक नीट. फक्त एक खोट: त्याला विमान चालवायचा छंद! लायसन्स आहे, आणि मामांचं चार सीटचं विमान आहे. हे ऐकल्यावर काकांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हणाले, "आधी मी त्याला विमान चालवताना बघणार. मग लग्नाचं बोलू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी चहाबरोबर एक विमान पडतं.

*

एक मोठे व्यापारी होते. गुळगुळीत चेहरा, पांढराशुभ्र झब्बा, बोटांत अंगठ्या. स्वतःचं विमान स्वतः चालवायचे. एकदा उडाले आणि वाटेतच इंजिन बंद पडलं. विमान गेलं ते थेट मासे पाळायच्या तळ्यात.

काकांनी विचारलं, "पेट्रोलचा काटा बघितला नव्हता?"

"बघितला होता. पण तो काटा नेहमीच खोटं दाखवतो."

"खोटं दाखवतो हे माहीत होतं, तर मग टाकीचं झाकण उघडून आत बघायचं!"

"टाकी वर पंखात असते हो. शिडीवर चढावं लागतं. आणि मी पांढरा झब्बा घातला होता!"

गावकऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं तेव्हा गळ्यापर्यंत चिखल होता. काका म्हणतात, झब्ब्याचा रंग चौकशीत कुठेच लिहिता आला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

*

मला आधी वाटायचं, विमान पडतं म्हणजे मशीन बिघडत असणार. मी तसं म्हटलं तर काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चहात मीठ घातलंय.

"मशीन बिचारं कधीतरी बिघडतं. मालक रोज बिघडलेला असतो! शोभा, छोटी विमानं सगळ्यात जास्त कशानं पडतात, सांग."

"वादळानं?"

"मुहूर्तानं!"

मग त्यांनी एका गृहस्थाचं सांगितलं. पुतणीचं लग्न होतं रांचीला. वैशाखातली दुपार, पश्चिमेला काळंकुट्ट आभाळ. इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं की आता कालबैशाखीचं वादळ येणार. बायका वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर पळतात. हे गृहस्थ मात्र विमानात बसले. विमानतळावरच्या माणसानं सांगितलं, "साहेब, तासभर थांबा." तर हे म्हणाले, "मुहूर्त माझ्यासाठी थांबणार आहे का?"

वाऱ्यानं त्यांना उचलून वीटभट्टीच्या आवारात आपटलं. पाय मोडला, पण जीव वाचला. काका जबाब घ्यायला हॉस्पिटलमध्ये गेले, तर पहिलं वाक्य काय? "लग्न वेळेवर लागलं ना?"

लागलं होतं. अगदी वेळेवर. यांच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं!

*

वजनाचा किस्सा सुमनकाकूंचा लाडका. सुमनकाकू म्हणजे साठेकाकांच्या सौ. हा किस्सा आला की त्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येतात.

एक कुटुंब निघालं होतं सुट्टीला. चार सीटचं विमान आणि माणसं चारच: नवरा, बायको, मेहुणा आणि सासूबाई. पण बरोबर दोन ट्रंका, तांदळाचं पोतं, आणि रसगुल्ल्यांच्या पाकानं भरलेल्या हंड्या. टाकी काठोकाठ. विमान धावलं, धावलं, धावतच राहिलं. धावपट्टी संपली, तरी हे जमिनीवरच! शेवटी कुंपण तोडून केळीच्या बागेत शिरलं.

काकांनी त्या नवऱ्याला विचारलं, "सगळ्यांचं मिळून वजन किती होतं, बघितलंत का?"

तो काकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, तुमचं लग्न झालंय ना? मग सासूबाईंना वजन कसं विचारायचं, तुम्हीच सांगा!"

इथे सुमनकाकू म्हणतात, "एवढा घाबरट होता तर विमानात कसा बसला?"

आणि काका म्हणतात, "विमानाला घाबरत नव्हता ना. तिथंच चुकलं."

*

विश्वकर्मा पूजा आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. इथे मात्र त्या दिवशी कारखान्यातल्या यंत्रापासून रिक्षापर्यंत सगळ्याला हार. आकाशात पतंगच पतंग. मग विमानवाल्यांनी मागं का राहावं?

एका शेठनी विमानाची पूजा घातली. पुरोहितबुवा उत्साही. त्यांनी विमानाला नाक, कान, डोळे, जे सापडेल तिथे शेंदूर आणि चंदन लावलं. आता पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. समोरची हवा तिच्यात शिरते आणि विमानाचा वेग किती आहे ते काट्यावर कळतं. बुवांना वाटलं, हे देवाचं तोंडच. त्यांनी चंदनाचा मोठा गोळा त्या नळीत दाबून भरला आणि वर एक जास्वंदीचं फूल खोचलं!

उडण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारून सगळं हातानं तपासायचं असतं. शेठनीही फेरी मारली. पण नमस्कार करत! वर गेल्यावर बघतात तर वेगाचा काटा शून्यावर. घाबरले, कसंतरी खाली आले, चाक मोडलं, पंखा वाकला.

चौकशीत म्हणाले, "साहेब, पूजेत काहीतरी कमी राहिलं असणार."

काका म्हणाले, "कमी नाही हो. जास्त झालं!"

*

एक किस्सा काकांनी एकदाच सांगितला. मी हसायच्या तयारीत बसले होते.

एका तरुण मुलाचं लग्न ठरलं होतं. त्यानं होणाऱ्या बायकोला सांगितलं, गच्चीवर उभी राहा, मी तुझ्या घरावरून जाणार आहे. पहिल्यांदा उंचावरून गेला. तिनं हात हलवला. त्याला वाटलं, अजून खालून जाऊ, तोंड दिसेल. दुसऱ्यांदा खालून आला. गच्चीच्या पलीकडे विजेच्या तारा होत्या. वरून तारा दिसत नाहीत.

काका त्या मुलीचा जबाब घ्यायला गेले होते. ती रडत नव्हती म्हणे. तिनं एवढंच विचारलं, "मी हात हलवायला नको होता का?"

मृणाल दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, निखिल तसा नाही आहे."

"तो मुलगाही तसा नव्हता," काका म्हणाले. "त्या दिवसापुरता झाला."

मृणाल आत निघून गेली. मेथीची जुडी माझ्या हातात तशीच होती.

मग मीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काका, तुम्हाला एकही चांगला पायलट भेटला नाही का हो?"

"चांगला मला कसा भेटणार, शोभा? मी विमान पडल्यावर जायचो."

*

विश्वकर्मा पूजेनंतरच्या रविवारी निखिलनं सगळ्यांना बोलावलं. बराकपूरच्याही पुढे कुठंतरी एक खासगी धावपट्टी आहे. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण गाडीत एक जागा रिकामी होती, आणि मी दारातच तयार होऊन उभी होते. आता शेजाऱ्याला असं दारात सोडून कोण जाईल?

तिथं निखिलच्या आई वसुधाताई आधीच हजर. भारी साडी, हातात संदेशचा, म्हणजे इथल्या छेन्याच्या मिठाईचा, मोठा डबा. त्यांचे नातेवाईक मोबाइल रोखून उभे. वसुधाताईंनी जाहीर केलं, "निखिल मृणालला घेऊन एक चक्कर मारेल. विमान उतरलं की हा डबा उघडायचा. तोंड गोड करू आणि बोलणी पक्की!"

सुमनकाकूंनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "उतरू तर दे." आणि हाताची घडी घालून कुंपणाशी जाऊन उभे राहिले.

वसुधाताईंनी विमानाला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. त्यांची पाठ वळताच निखिलनं हार काढला आणि रुमालानं कुंकू पुसायला लागला.

"अरे, शुभ असतं ते!"

"आई, तू मला लाव. याला नको."

मग तो शिडी लावून वर चढला आणि टाकीत डोकावला. पँटला ग्रीस लागलं. मी काकांकडे बघितलं. काकांचा चेहरा भिंतीसारखा.

निखिलनं मृणालला वजन विचारलं! सगळ्यांसमोर! ती लाजली, मग तिनं सांगितलं. मी अंदाज केला होता त्यापेक्षा थोडं जास्तच निघालं.

दोघं आत बसली. इंजिन सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मृणालनं खिडकीतून हात वर केला आणि, काय आठवलं कुणास ठाऊक, पटकन खाली घेतला.

विमान हलेना. इंजिनचा आवाज वाढला, कमी झाला, पुन्हा वाढला. मला तर अगदी झकास वाटला. आणि मग सगळं बंद. निखिल खाली उतरला.

"आज नाही जायचं."

"का रे?" वसुधाताई.

"आवाज मला आवडला नाही."

"आवडला नाही म्हणजे? ते काय गाणं आहे? एवढे लोक आलेत, निखिल! एक छोटीशी चक्कर मारून ये ना."

"छोटी पण नाही, आई."

वसुधाताईंनी मामांना फोन लावून स्पीकरवर टाकला. मामा ओरडले, "काल मी स्वतः उडवलंय! काही झालेलं नाही त्याला! माझं नाव खराब करतोस का चारचौघांत?"

निखिलचे कान लाल झाले होते. नातेवाइकांतला कुणीतरी हसला, "घाबरला वाटतं सासऱ्यांना!" निखिल म्हणाला, "मामा, तुम्ही या आणि तुम्ही उडवा. मी मृणालला यात नेणार नाही." आणि त्यानं किल्ली खिशात टाकली.

वसुधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डबा छातीशी धरून त्या म्हणाल्या, "मला माफ करा हो, सुमनताई. केवढी शोभा झाली! आता कसलं तोंड गोड?" मृणाल खाली मान घालून उभी. मलाही वाटलं, झालं, बारगळलं सगळं. आता परतीच्या गाडीत कुणी तोंड उघडणार नाही.

तेवढ्यात काका कुंपणापासून चालत आले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं भराभर चालताना पाहिलं नव्हतं.

"सुमन, तो डबा घे आणि उघड."

"अहो, पण विमान उडालं कुठं?"

"म्हणूनच तर सांगतोय," काका म्हणाले. "आणि पहिला संदेश त्याला दे."