ज्वारीचं पाणी आणि पायाची हळद

लग्न दहा-बारा दिवसांवर आलं आणि माझी नणंद घरातल्या घरात तोंडाला ओढणी बांधून फिरायला लागली. "ऊन लागतं वहिनी," म्हणे. घरात कुठलं आलंय ऊन? दुपारी ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला आली, तशी मी दार लावलं आणि ओढणी ओढलीच. बाई गं! दोन्ही गाल लालभडक, कातडी सोलल्यासारखी, नाकाच्या कडेला बारीक बारीक फोड. मी नुसतं बोट लावलं तर पोरगी कळवळली.

"काय लावलंस? खरं सांग."

तिनं ओट्यावर एक दाबून दाबून चपटी झालेली ट्यूब ठेवली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेली. लावली तेव्हा म्हणे आठ-पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला, की कॉलेजातल्या पोरी विचारायच्या. ट्यूब संपली, लावणं थांबलं, आणि आग सुरू झाली. आणि ती लावायला कशापायी लागली? तर आष्टीचे पाहुणे बघायला आले तेव्हा नवऱ्या मुलाची आई चहा पिता पिता म्हणाली होती, "पोरगी नाकीडोळी नीटस हाय. रंग जरासा..." एवढंच बोलून तिनं बशी तोंडाला लावली होती. तो 'जरासा' आम्ही सगळे कपबशांबरोबर विसळून बसलो होतो. पोरीच्या मनात मात्र तो रुतून बसला होता. मला इतका राग आला की विचारू नका. त्या बाईचा आला, ट्यूबचा आला, आणि ह्या शिकल्यासवरल्या पोरीचा सगळ्यात जास्त आला.

"वहिनी, आईला सांगू नका. अन् आष्टीला कळालं तर? म्हणतील पोरीला कातडीचा रोग हाय, लपवून ठेवला."

म्हणतील काय, म्हणालेच असते. लोकांच्या तोंडाला काय झाकण असतं का?

दुसऱ्या दिवशी बांगड्या भरायचं निमित्त करून मी तिला जालन्याला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला. ह्यात स्टेरॉइड असतं, म्हणाला, बंद केलं की कातडी अशीच पेटते. एक मलम लिहून दिलं. साबण बंद, बेसन बंद, लिंबू, दही बंद, म्हणाला. धुवायला साधं पाणी. फारच वाटलं तर घरातलं काहीतरी सौम्य, तेही आधी स्वतःच्या हाताला लावून बघायचं. आणि हळद बिलकुल नाही.

"डॉक्टरसाहेब, लग्न हाय हिचं."

"मग लग्न झाल्यावर लावा."

काय बोलावं ह्या माणसाला!

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगणं भाग होतं. आमच्या कुंभार पिंपळगावात कुणाच्या लग्नकार्यात काही अडलं की बायका आत्याबाईंना विचारायला येतात. कोणत्या सुपाऱ्या कुठं मांडायच्या, कोण आधी, कोण मागून, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या रीतीच्या इतक्या पक्क्या, की माझ्या लग्नात उष्टी हळद घेऊन स्वतः माझ्या माहेरी आल्या होत्या, आणि कानाच्या पाळीत, नाकाच्या बाजूला, केसांच्या मुळात, कुठं म्हणून जागा सोडली नव्हती. उष्टी हळद म्हणजे नवऱ्या मुलाला लावून उरलेली. ती नवरीच्या अंगाला लागल्याशिवाय हळद पुरी होत नाही.

त्यांनी लेकीचा चेहरा हातात धरून उजेडाकडे फिरवला. मग म्हणाल्या, "डॉक्टरला काय कळतं? डाळीच्या पिठानं मी सगळी लेकरं धुतली." आणि सकाळी उठून मसुराची डाळ घेऊन स्वतः गिरणीत गेल्या.

पीठ आलं. गुलाबी, मऊ, दिसायला एकदम झकास. आत्याबाईंनी ते दुधात कालवलं, पोरीला समोर बसवलं. डॉक्टरचं ऐकायचं म्हणून मी त्यातलं बोटभर आधी माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला चोळलं. वाटीतलं पोरीच्या गालाकडे निघालंच होतं, तोवर माझा हात पेटला.

"थांबा! आत्याबाई, थांबा!"

त्यांनी कोरडं पीठ चिमटीत धरून जिभेवर ठेवलं. डोळ्यांतून पाणी आलं. वैशाखाचे दिवस, सगळं गाव वर्षाचं तिखट करून ठेवायच्या घाईत. गिरणीत पिठाचं जातं आणि मिरचीचं यंत्र एकाच खोलीत, हातभर अंतरावर. त्या दिवसांत आमच्याकडच्या भाकरीसुद्धा जराशा तिखट लागतात आणि कुणी काही म्हणत नाही. भाकरीला चालतं. सोललेल्या गालाला ते लागलं असतं तर?

आत्याबाई उठल्या, वाटी घेऊन उकिरड्यापर्यंत गेल्या आणि पीठ ओतून आल्या. मग ओसरीत गेल्या. तिथं लग्नाचं जातं मांडलेलं होतं, चुन्यानं रंगवलेलं, वर लाल कापड. मांडवाच्या दिवशी पाच सवाष्णी त्यावर हळद दळणार, आणि हळदीच्या आधी त्यात दुसरा दाणा पडत नाही. मला हे आत्याबाईंनीच शिकवलेलं. त्यांनी कापड काढलं.

"ज्वारी आण."

"आत्याबाई, हळदीच्या आधी?"

"जल्दी आण म्हणलं ना! उभी काय राह्यलीस?"

आम्ही दोघींनी मिळून दळलं. ज्वारीचं पीठ जुन्या धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केलं, पाण्यात कालवून मंद जाळावर पातळ शिजवलं, गार केलं आणि परत फडक्यात घालून पिळलं. दुधासारखं पांढरं, बुळबुळीत पाणी निघालं. हे आधी माझ्या हाताला, मग आत्याबाईंच्या हाताला. तासभर वाट बघितली. काही झालं नाही. तेव्हा कुठं पोरीच्या गालाला. चोळायचं नाही, नुसतं थापटायचं आणि गार पाण्यानं सोडून द्यायचं. रोज ताजं, कारण ह्या उन्हात दुपारपर्यंत ते आंबतं. पोरीनं डोळे मिटले आणि म्हणाली, "आग न्हाई होत, वहिनी." मला रडूच आलं.

आठवड्यात फोड बसले, लाली उतरली, पण कातडी कच्चीच होती. हळदीच्या दिवशी सकाळी तिनं माझा हात धरला. "हळद लागली तर मी ओरडन. अन् ओरडले तर त्यांना कळन." आमच्या सवाष्णींना मी एकेकीला बाजूला घेऊन सांगून ठेवलं, हाताला लावा, गालाजवळ नुसतं बोट न्या. त्या ऐकतील. पण आष्टीच्या बायकांना कोण सांगणार?

त्या आल्या वाजतगाजत. नवऱ्या मुलाची बहीण, करवली, पुढं. एका हातात हळदीची वाटी, दुसरा हात हळदीनं भरलेला.

"पदर मागं घ्या की वहिनी. आमच्या दादाची उष्टी हळद हाय. गालाला लावल्याबिगर मी काय जात न्हाई," ती नवरीला म्हणाली.

"ताई, हाताला लावा ना," मी म्हणाले.

"हाताला? का बरं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "गालाला काय झालंय?" मांडवातला गलका बसला. नणंदेनं पदर घट्ट धरला होता.

तेवढ्यात आत्याबाई गर्दीतून पुढे आल्या. करवलीच्या हातातली वाटी घेतली. गुडघे दुखतात म्हणून त्या देवासमोरसुद्धा खुर्चीवर बसतात. त्या दिवशी सरळ जमिनीवर बसल्या, पाटासमोर, आणि लेकीचा पाय मांडीवर घेतला.

"आमच्यात उष्टी हळद पायाला असती," त्या म्हणाल्या. "लेक दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकती, ते पाऊल पिवळं पाहिजे. माझ्या आजेसासूपासून बराबर चालत आलंय."

आणि आई लेकीच्या पायाला हळद लावायला लागली. टाचेला, बोटांच्या बेचक्यात, घोट्याला. कुणाची हिंमत होती आत्याबाईंपुढे रीत काढायची? करवली क्षणभर बघत राहिली, मग खाली बसली आणि तिनं दुसरा पाय घेतला. नणंद रडत होती. नवरी रडतेच, म्हणून कुणी विचारलं नाही.

आजेसासूपासून! माझ्या कानातली हळद निघायला किती दिवस लागले होते, ते मलाच माहीत.

सगळं आटोपल्यावर आत्याबाई मागच्या दगडावर हात धूत बसल्या होत्या. "खोटं बोलले गं," म्हणाल्या. "देवाच्या कामात खोटं बोलले." मी तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घालत राहिले.

नणंद आता आष्टीला नांदते. चेहरा परत पहिल्यासारखा, सावळा आणि नितळ. त्या करवलीचं लग्न निघालं तेव्हा मी आणि आत्याबाई गेलो होतो. तिच्या सासरची उष्टी हळद आली, बायका गालाकडे निघाल्या, तर पोरीनं आपणहून दोन्ही पाय पुढे केले. "आधी पायाला. आमच्या वहिनीकडची रीत हाय." तिची आई, तीच ती 'रंग जरासा' म्हणणारी, वाटी घेऊन कशीबशी जमिनीवर बसली आणि लेकीचा पाय तिनं मांडीवर घेतला.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. माझा दंड इतका जोरात धरला की बांगडी रुतली.

"गप बस," त्या मला म्हणाल्या. मी तर काहीच बोलले नव्हते.