पाव वाटी डाळ

विमानतळावर जायची टॅक्सी विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीच्या गेटशी उभी होती आणि आई खिडकीत वाकून मला आमटी शिकवत होती. "वाटीभर तूरडाळ, तीन वाट्या पाणी, फोडणीला दोन चमचे तेल. हे आपल्या चौघांचं माप. तुझं तू भाग. इंजिनिअर आहेस ना?" पप्पा डिकीत बॅगा नीट लावत होते. भाऊ आधीच बंगळुरूला गेला होता. रडायचं कुणाला सुचलंच नाही.

इंग्लंडात, लीड्सला मी इमानेइतबारे चारने भागलं. पाव वाटी डाळ, पाऊण वाटी पाणी, अर्धा चमचा तेल. डाळ कुकरच्या तळाला लागली, मोहरी न तडतडताच जळाली. वाफ काही माणसं मोजून जात नाही. मग पाणी दीड वाटी केलं, तेल चमचाभर, तेव्हा कुठे जमलं. तुमच्यातले जे बाहेर पडलेत, त्यांनीही अशी करपलेली भांडी घासली असतीलच.

मागच्या वर्षी आई गेली. जलदान विधी उरकून मी परत आले, लॅपटॉप उघडला आणि मीटिंगमध्ये 'ऑल गुड' म्हणाले. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसं झालं होतं. ते अजून उतरलेलं नाही.

काळजी एकच होती, पप्पा नीट जेवतील ना? त्यांनी जन्मात कधी चहासुद्धा केला नव्हता. डबा लावा म्हटलं, तर म्हणाले, "डब्यातली ती आमटी, की हात धुतलेलं पाणी?" मग मीच व्हिडिओ कॉलवर शिकवायला बसले. ते आपले वाटीभरच डाळ टाकायचे आणि उरलेली आंबेपर्यंत खात राहायचे. मी चिडायचे. "पप्पा, एकट्यापुरती करा. पाव वाटी." हळूहळू त्यांचा हात बसला.

यंदा मे महिन्यात घरी गेले. पप्पांनी बॅगा आत घेतल्या. "हातपाय धू, आमटीभात तयार आहे," म्हणाले. पातेल्यावरचं झाकण काढलं, तर आत एका माणसापुरती आमटी. झाकण हातात धरून ते बघतच राहिले.

"अगं, सकाळपासून तुझीच वाट बघतोय मी," एवढंच म्हणाले.

मी आमटीत गरम पाणी घातलं, मीठ-तिखट वाढवलं आणि आम्ही दोघं जेवलो. चव बरी होती.

घर कुठे, असं लीड्सला कुणी विचारलं की मी अजूनही पुणे म्हणते. तिथे पप्पा माझ्याशिवाय नीट जेवतात. ते मीच त्यांना शिकवलंय.