भेगेबद्दल बाल्झ काय म्हणाला

माझा नवरा बाल्झ एकतीस वर्षं गावचं पाणी सांभाळतोय. डोंगरातले झरे, टाक्या, नळ, सगळं त्याच्याकडे. शिवाय दर ऑक्टोबरात वरच्या कड्यावर जाऊन तो एक भेग मोजतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्याने लोखंडी खुंट्या ठोकल्यात. पट्टी लावायची, आकडा वहीत लिहायचा, सही करायची, खाली यायचं. हे काम त्याला कुणी दिलेलं नाही, म्हणून कुणी काढूनही घेतलेलं नाही.

बोलायच्या बाबतीत आमचं ग्लारुसचं खोरं तसंही हात आखडून असतं, पण बाल्झ म्हणजे कहर. काहीही विचारा, उत्तर एकच, "विशेष नाही." छपरावरून पडून बरगड्या मोडल्या तेव्हा डॉक्टरलाही त्याने हेच सांगितलं. लग्नाचं मीच विचारलं. त्याच्या भरवशावर राहिले असते तर अजून माहेरीच असते.

कड्याच्या पायथ्याशी त्याच्या थोरल्या भावाचं, मेल्कचं, कुरण आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या शाळेसाठी ते घ्यावं असा विषय गावात निघाला. मेल्कला गाई झेपेनाशा झाल्या होत्या. तो इतका खूश झाला की रविवारी आमच्याकडे जेवून स्वतःहून भांडी पुसू लागला.

जागा तपासायला अभियंता आला तेव्हा कड्यावर बर्फ होतं. त्याने बाल्झला विचारलं, "वर काही हलतंय का?"

मेल्क शेजारीच उभा होता. बाल्झ म्हणाला, "विशेष नाही."

वहीत तेव्हा अकरा सेंटिमीटर लिहिलेले होते, आदल्या वर्षी सहा. बाल्झच्या त्या दोन शब्दांचं अहवालात अर्धं पान झालं आणि त्यावर शिक्का बसला. मला हे कळलं दीड वर्षाने. मी म्हटलं, "आता तरी तोंड उघड." तो तळघरात जाऊन नळ दुरुस्त करत बसला. नळ चांगला होता. मी संतापले, आणि खरं सांगायचं तर मीही कुठे बोलले नाही.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी, चर्च सुटल्यावर, गावसभा भरली. आमच्याकडे हात वर करून मतदान होतं आणि नंतर सॉसेज मिळतात, त्यामुळे मध्येच बोलायला उठणारा सगळ्यांचा वैरी. नियम असाही आहे की ज्याचा विषय निघेल त्याने जवळच्या नातलगांसह बाहेर जायचं. म्हणजे बाल्झला गप्प राहायला नियमाचीच मदत होती.

कुरणाचा विषय पुकारला. मेल्क उठला, मी उठले, बाल्झ उठला. आणि बाल्झ माइककडे चालू लागला.

"दार तिकडे आहे, बाल्झ," सरपंच कुंडर्टबाई म्हणाल्या.

"माहीत आहे. बिजागऱ्या मीच बसवल्यात."

लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "आवर रे, सॉसेज करपतायत!"

"या विषयावर तुला बोलता येत नाही," कुंडर्टबाई म्हणाल्या.

"मग लिहून घेऊ नका. ऐका फक्त." बाल्झने वही काढली. "भेग एकोणीस सेंटिमीटर झालीय. दोन वर्षांपूर्वी अकरा होती. अभियंत्याने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. भाऊ शेजारी होता म्हणून. तिथे पोरांना बसवू नका."

मग तो माइकला "धन्यवाद" म्हणाला आणि बाहेर आला. या वेळी कुणी हसलं नाही.

बाहेरच्या बोळात आम्ही तिघं. दार बंद.

"घरी येऊन सांगता येत नव्हतं?" मेल्क म्हणाला.

"तू मला गप्प केलं असतंस. आणि मी झालो असतो."

"दोन वर्षं होतासच की!"

"होतो."

मेल्क माझ्याकडे वळला. "रेगुला, तुला माहीत होतं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "सहा महिन्यांपासून," मी म्हटलं.

तो भिंतीवरच्या कोटांकडे बघत राहिला. "माझी नात त्या शाळेत बसली असती," तो म्हणाला. मला रडू आलं. बाल्झने मला रुमाल दिला.

दार उघडलं. विषय फेटाळला होता, बाजूने एकही हात नव्हता. मेल्कने टोपी घातली.

"माझा तुझ्यावर विश्वास राहिला नाही, बाल्झ. भेग मी स्वतः मोजणार."

"उद्या आठला निघू."

तो न जेवता गेला. दुसऱ्या दिवशी आठला दारात हजर. दोन तासांच्या चढणीला दोघांना चार तास लागले. पुढचं बाल्झने घरी आल्या आल्या, मी न विचारता, मला सांगितलं. मेल्कने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा एकोणीस भरले. मग त्याने पेन मागून घेतलं आणि वहीत, बाल्झच्या सहीखाली, आपली सही केली.