आसिफ पैलवानाची जोड

औशात आसिफचं वेल्डिंगचं दुकान आहे, पण बसस्टँडवर विचारताना ‘आसिफ पैलवान’ म्हणायचं. पहाटे तालमीत घाम गाळायचा, दिवसभर खिडक्यांचे गज जोडायचे आणि जत्रांचा हंगाम आला की लंगोट कसून आखाड्यात उतरायचं, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. हरणं त्याला नवं नव्हतं. हरायचा, अंग झटकायचा आणि जिंकणाऱ्याबरोबर चहा प्यायचा.

गेल्या साली मात्र कंधारकडच्या जत्रेत घात झाला. सलामी झाल्यावरही पुन्हा एकदा मातीला हात लावायची त्याची सवय. तो वाकला आणि समोरच्या मारोतीनं पट काढून त्याला क्षणात चीत केलं. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि हसण्याचा आवाज जोडून त्याची रील सोडली. मग गेटचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आधी विचारायचं, “पैलवान, हे तुम्हीच ना?” अरे बाबा, तू गेटचं बोल की! आसिफ हसून मान डोलवायचा आणि आतून जळायचा. तालीम चालू राहिली, आखाडा सुटला. हरायची भीती नव्हतीच. आपण हरलेलं लोक पुन्हा पुन्हा बघणार, ती भीती होती.

यंदा हंगामाच्या तोंडावर मारोतीच दुकानात आला. आसिफनं वेल्डिंगचा काळा चष्मासुद्धा काढला नाही.

“काय काम हाय?”

“एक कुस्ती द्या मला,” मारोती म्हणाला. “त्या रीलपासून कुनी जोड देईना. हात वर करून आखाड्याला फेऱ्या मारतो, सगळे खाली बघतेत. म्हनतेत, ह्याच्यासंगं लढलं की मोबाइलवर इज्जत जाती.”

आसिफनं चष्मा काढला. वर्षभर तो आपल्याच अपमानावर रुसून बसला होता. जिंकणाराही कुस्तीविना राहिला असेल, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्याला त्या पोराची कीव आली आणि स्वतःची थोडी लाज वाटली.

कंधारकडच्या त्याच जत्रेत मारोतीनं हात वर केला, तसा आसिफनं पुढं होऊन तो धरला. भोवती मोबाइलच मोबाइल. सलामी झाली आणि सवयीनं तो मातीकडे वाकलाच. मारोती थांबला.

मग हलगी कडाडली. कुणी कुणाला सोडेना, कुस्ती लांबत गेली. मोबाइल धरून लोकांचे हात भरून आले, तसे मोबाइल खिशात गेले आणि लोक बेंबीच्या देठापासून ओरडायला लागले. शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली.

मातीनं माखलेले दोघं धापा टाकत उभे राहिले. आसिफनं मारोतीच्या खांद्यावर हात टाकला.

“औशाच्या जत्रेला ये,” तो म्हणाला. “तिथं निकाली करू.”