बिघडलं तर माझं नाव

सबनीस साहेबांनी मला फसवलं. पैशात नाही. चेक ठरल्या दिवशी आला आणि वटला. फसवलं ते नावात. काय झालं ते क्रमाने सांगतो, मग वाचणाऱ्याने ठरवावं.

नाशिकच्या अंबडमध्ये पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याला पंचवीस वर्षं होत होती. सबनीस तिथे पर्सोनेल मॅनेजर. कामगारांच्या कुटुंबांसाठी एक दिवसाचा कार्यक्रम करायचा होता. भाषणं, जेवण, मुलांचे खेळ. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मी नामपूरच्या बाजारात दुसऱ्याच्या मंडपाचे खांब उचलण्यापासून सुरुवात केली होती. नव्वदच्या दशकात नाशिकला आलो, स्वतःचा मंडप घेतला, लग्नं केली, सभा केल्या. कंपनीचं काम मात्र हे पहिलंच. ते जमलं तर अंबडचे इतर कारखाने मला इव्हेंट मॅनेजर म्हणून बोलावणार होते. फसलं तर मी जन्मभर ‘अहो मंडपवाले’.

साहेबांनी कॉम्प्युटरवर एक चार्ट दाखवला. चौकोन, बाण, पुन्हा चौकोन.

“याला लीनियर म्हणतात, गांगुर्डे. एक टप्पा संपल्याशिवाय दुसरा सुरू नाही.”

“म्हणजे घर बांधल्यासारखं. पाया, भिंत, मग स्लॅब.”

“बरोब्बर.”

मला ते आवडलं. लग्नात हळदीच्या दिवशी नवरीचा मामा उगवतो आणि स्टेजचं तोंड फिरवायला सांगतो. असे मामा मी फार सोसलेत. म्हणून मी एक कलम घालायला लावलं. प्लॅनवर सह्या झाल्या की बदल नाही. साहेब तयार नव्हते. अर्धा तास वाद झाला, मी टेबल आपटलं, कलम आलं. जिंकलो म्हणून खुशीत बाहेर पडलो.

चौथ्या दिवशी माझा इलेक्ट्रिशियन युसूफभाई जागा बघायला गेला. हा मालेगावचा. बोलतो कमी, बघतो जास्त. गेटवरच्या वॉचमनबरोबर चहा पिऊन आला आणि म्हणाला, “सेठ, भट्टी बंद नाही होणार. पाळ्या चालू राहणार. पहिली पाळी सुटते तीनला. चार्टमध्ये जेवण एकला. मग पहिल्या पाळीवाला जेवणार काय, पत्रावळ?”

मी चार्ट काढून बघितला. खरंच. ऑफिसवाले गरम जेवणार आणि मशीनवाल्यांची बायका-पोरं ताटकळत बसणार. ज्यांच्यासाठी कार्यक्रम, तेच उपाशी.

साहेबांकडे गेलो. “बदल करायचाय.”

ते हसले. “कलम तुम्हीच घातलंत. टेबल आपटून.”

माझं डोकं तापलं, पण बोलणं त्यांचं खरं होतं. “टेबल मी आपटलं, कलमही मीच मोडतो.”

“मग लिहून द्या. बदलामुळे काही बिघडलं तर जबाबदारी गांगुर्डे यांची.”

मी तीन ओळी लिहिल्या, सही केली. पण फुकट सही करणारा माणूस मी नव्हे. बदल्यात पार्किंगचं मैदान मागितलं, चार रविवार, आणि कामगारांच्या पंचवीस घरची माणसं. घासाघीस होऊन तीन रविवार मिळाले. बाहेर पडताना त्या कागदाची झेरॉक्स मारून खिशात घातली.

मैदान कशाला, ते सांगतो. आमच्या धंद्यात मंडप उभा करण्याआधी जागेवर फक्की मारतात, म्हणजे चुन्याच्या भुकटीने रेघा ओढतात. इथे स्टेज, इथे पंगत, इथून माणसं येणार. मग घरातल्या लोकांना त्या रेघांवरून चालायला लावायचं. एखादी म्हातारी चालली की चूक लगेच कळते. रेघ पुसायला झाडू पुरतो. रोवलेला खांब काढायला चार माणसं लागतात.

पहिल्या रविवारी पंचवीस घरं चालली. जेवणाची रांग आणि पाण्याची रांग एकमेकींना धडकल्या. मुलांचे खेळ जनरेटरच्या शेजारी आले होते. हे सगळं मी लिहून घेत होतो. तेवढ्यात हिराबाई पुढे आल्या. सुरगाण्याकडच्या. नवरा ड्रिल मशीनवर. सगळ्या रेघा चालून झाल्या आणि त्या शेवटच्या रेघेवर उभ्या राहिल्या.

“दादा, समदं पायलं. पन आमचा मानूस काम करतो ती जागा कुठं हाय?”

“ती आत, शेडमध्ये.”

“मंग आत कवा नेनार?”

“आत नाही न्यायचं, ताई. कार्यक्रम बाहेरच आहे.”

“बारा वर्सं तो रोज हितं येतो. आन मी गेटपतूर येऊन भाषन ऐकून जाऊ? जेवन तं घरी बी हाय.”

बायका हसल्या. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

साहेब मैदानात माझ्या शेजारीच उभे होते, मी त्यांच्याकडे बघितलं. “सेफ्टी,” ते म्हणाले. “अशक्य.”

“दोर लावतो. वीस-वीसची तुकडी. भट्टीकडे कुणी नाही. ज्या रांगेतून बघायचं तिथली मशिनं बंद. आणि बिघडलं तर माझं नाव आहेच ना कागदावर?”

दुसऱ्या रविवारी फक्की शेडच्या आत गेली. वाट अरुंद पडली, पुसली, पुन्हा मारली. तिसऱ्या रविवारी कुणी कुणाला धडकलं नाही. साहेब खुशीत येऊन म्हणाले, “याला इटरेटिव्ह म्हणतात. करून बघायचं, सुधारायचं, पुन्हा करायचं.” मी म्हटलं, “म्हणत असतील.”

युसूफभाईला मात्र हे मान्य नव्हतं. “रेघ पुसता येते, सेठ. केबल रोज नाही उपटणार मी. एकदाच सांगा.” त्याचंही खरं. खांब, केबल, जनरेटर यांना मी साहेबांचा जुना चार्टच लावला. तिसऱ्या रविवारनंतर तिथे काडीचा बदल नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी वेगळंच झालं. उद्घाटनाला मुंबईहून येणारे मोठे साहेब कसारा घाटात अडकले. चार्टवर पहिला चौकोन उद्घाटनाचा. सबनीस घामाघूम. “ते आल्याशिवाय सुरू कसं करणार?”

आमची एक रीत आहे. दर अर्ध्या तासाने स्वयंपाक, लाइट, गेट, खेळ यांचे प्रमुख जनरेटरपाशी उभ्याउभ्या भेटतात. काय झालं, काय अडलं, कोण कुठे जाणार. पाच मिनिटं, खुर्ची नाही. तिथे ठरलं की आधी शेड उघडायची.

“हे तर अजाइल! वेळ बदलली की तिथल्या तिथे बेत बदलायचा,” सबनीस म्हणाले.

“हे लग्नातलं आहे, साहेब. वरात रखडली की मुहूर्ताआधी पंगत बसवतो, तसंच.”

पहिल्या तुकडीत हिराबाई, त्यांची सासू आणि दोन मुली होत्या. नवरा धुतलेल्या गणवेशात मशीनपाशी उभा होता, नवरदेवासारखा अवघडून. सासूने मशीनवर हात फिरवला. मग हिराबाईंनी पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढली आणि मशीनला बोट लावलं. मागच्या बाईने डबी मागितली. ती डबी दुपारपर्यंत रांगेतून फिरत होती. दीडला मोठे साहेब आले, ती रांग बघितली आणि भाषण पाच मिनिटांत आटोपलं. साडेतीनला पहिल्या पाळीची पंगत बसली. पोळ्या गरम होत्या. मी स्वतः हात लावून बघितल्या.

त्यानंतर मला मंडपवाले कुणी म्हटलं नाही. आता अंबडमधल्या बऱ्याच कारखान्यांत घरच्यांना मशीन दाखवल्याशिवाय असा कार्यक्रम होत नाही. हे फार चांगलं झालं, आणि ते मी हसतमुखाने सांगतो.

पण दोन वर्षांनी दुसऱ्या एका कारखान्यात मीटिंगला गेलो, तर तिथल्या मॅनेजरने एक गुळगुळीत पुस्तिका माझ्या हातात दिली. “वाचून घ्या. ही सबनीस पद्धत. तुम्हाला जमेल का?” मुखपृष्ठावर माझ्या फक्कीचा फोटो. कोपऱ्यात माझी चप्पल. आत तीनही पद्धतींची इंग्रजी नावं, कुठली कधी वापरायची ते. हिराबाईंच्या जागी ‘एका कर्मचारी-कुटुंबाकडून आलेली सूचना’. माझ्या जागी काहीच नाही. सबनीस तेव्हा पुण्याच्या हेड ऑफिसात बढतीवर.

मी फोन लावला. “अहो गांगुर्डे, कंपनीच्या डॉक्युमेंटमध्ये बाहेरच्यांची नावं घालत नाहीत.”

धंद्यात शिकलो ते एवढंच. न बदलणारं आधी ठरवा, बदलणारं चालून बघा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी डोळे उघडे ठेवा. शिवाय चांगल्या कामाचा जबाबदार कोण, हेही आधीच लिहून घ्या. मी ते घेतलं नाही.

झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. बिघडलं तर जबाबदार कोण, हे साहेबांनी माझ्याकडून लेखी घेतलं होतं. साहेब, बिघडलं नाही. मग आता सांगा, त्या जमिनीवर फक्की कुणी मारली, आणि आत न्या असं कोण म्हणालं? दोन नावं आहेत. लेखी द्या.