तिसऱ्या फेरीत उतरलेली साखर

"काय पिऊन आली हे पोट्टी? असीनच. यायच्या घरी वातावरणच तसं."

सरांचं हे वाक्य मी मैदानावर पडल्या पडल्या ऐकलं. गाल मातीला टेकलेला. डोळ्यांसमोर सरांचे पांढरे बूट. आजूबाजूला शाळेची पोरं, दुसऱ्या शाळांचे शिक्षक, मांडवात बसलेले पाहुणे. कोणीतरी हसलं. मला सगळं ऐकू येत होतं. बोलता मात्र येत नव्हतं. जीभ लाकडासारखी झाली होती. हात थरथरत होते, अंगाला घामाची धार, आणि पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं.

मी तेव्हा नववीत होते. माझ्या बापाने आयुष्यात दारूला हात लावला नाही. मजुरी करून आला की हातपाय धुतो, बुद्धाच्या फोटोपुढे उदबत्ती लावतो, जेवतो, झोपतो. 'यायच्या घरी' म्हणजे काय, हे सगळ्या मैदानाला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

दहाव्या वर्षी मला टाइप वन डायबेटीस निघाला. आमच्या अनसिंग गावात कोणी मानायला तयार नव्हतं, एवढ्याशा लेकराला शुगर कशी होईल म्हणून. तेव्हापासून दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई. वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला पळू द्या, फक्त पळायच्या आधी साखर तपासा आणि ग्लुकोज कायम सोबत ठेवा. तसं त्यांनी कागदावर लिहून दिलं. बाबाने तो कागद स्वतः शाळेत नेऊन सरांच्या हातात दिला. सरांनी घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला.

सर म्हणजे आमचे खेळाचे शिक्षक. गावातलं मोठं घर. संस्थेत त्यांचा काका. त्यांच्यापुढे हेडमास्तरही खुर्चीत सावरून बसायचे.

त्या दिवशी दीड हजार मीटरची शर्यत सकाळी नऊला होती. मी सातला सुई घेतली, पोहे खाल्ले. पण पाहुणे वेळेवर आलेच नाहीत. दहा वाजले. अकरा वाजले. सर आम्हाला मैदानाला चक्कर मारायला लावायचे, थांबवायचे, परत लावायचे. अंगात इन्सुलिन आपलं काम करत होतं. पाय आपलं काम करत होते. साखर दोन्हीकडून खाली चालली होती. मला हलकं हलकं वाटायला लागलं. मी खिशातून ग्लुकोजची पुडी काढली.

सरांनी ती हातातून घेतली. "मैदानावर खाणं चालत नाही. पळाले आली का चराले?"

मी म्हणाले, "सर, मले शुगर आहे."

"माहीत आहे मले. लाइनीत उभी राह्य."

मी उभी राहिले. आजही राग येतो तो याचाच. शेवटी पाहुणे आले आणि शिट्टी वाजली, तेव्हा निघून जायला हवं होतं, पण मी पळाले. पहिली फेरी बरी गेली, दुसऱ्या फेरीत मी पुढे होते. तिसऱ्या फेरीत चुन्याची रेघ दोन झाली, मग चार झाल्या.

पडल्यावर माझ्याजवळ आली ती नसरीन. तिच्या अब्बाचं बांगड्यांचं दुकान. आम्ही एका बाकावर बसायचो. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि वर बघून म्हणाली, "सर, तिले शुगर आहे. तिची पुडी तुमच्याच खिशात आहे."

सरांनी खिशातून पुडी काढून खाली टाकली, तिच्या हातात दिली नाही. नसरीनने बोटाने ती पावडर माझ्या गालाच्या आत चोळली. मी भानावर आले तेव्हा शर्यत कधीच संपली होती.

दुसऱ्या दिवशी बाबाला बोलावणं आलं. मी ऑफिसात गेले तेव्हा तो उभा होता. टोपी हातात. टेबलावर कागद. 'मी माझा आजार शाळेपासून लपवला. घडल्या प्रकारास मी जबाबदार आहे.' खाली दोन सह्यांची जागा. एक पालकाची, एक माझी. पालकाची सही झालेली होती.

सर बाबाला म्हणत होते, "इतकी बिमारी असून पोरीले पळवता काहून? घरी बसवा."

बाबा माझ्याकडे न बघता बोलला. "सही कर बाई. तुह्या लहान बहिणीले इथंच शिकाचं आहे."

मी म्हणाले, "बाबा, डॉक्टरचा कागद तूच देला होता ना सरले?"

त्याने टेबलावरचं पेन माझ्याकडे सरकवलं. बापाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू येत होतं. मी पेन घेतलं आणि माझ्या सहीच्या जागेवर लिहिलं, 'आजार लपवला नाही. कागद सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे.' पेन ठेवलं आणि वर्गात जाऊन बसले.

यातून काही झालं नाही. सरांना कोणी विचारलं नाही. तब्येतीचं कारण देऊन माझं नाव संघातून काढलं. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. बारावीपर्यंत मी मैदानाच्या कडेने वर्गात जायचे.

आता मी एकवीस वर्षांची आहे. पहाटे रस्त्याने पळते. साखर अजून माझं ऐकत नाही. उतरली की गुडघ्यातून जीव जातो. उतरेल या भीतीने जास्त खाल्लं की तीनशेच्या वर चढते, मग तोंड कोरडं आणि पाय ओल्या पोत्यासारखे. कालचा आकडा आज चालत नाही. कधी चार किलोमीटर होतात, कधी एकावरच रस्त्याच्या कडेला बसावं लागतं. मागच्या आठवड्यात अशीच बसले होते. एक मोटारसायकलवाला थांबला.

"काय झालं वो ताई?"

"शुगर कमी झाली. साखर खाल्ली मी. थोड्या वेळानं उठतो."

तो थोडा वेळ थांबला आणि गेला. मी पंधरा मिनिटं बसले, बोट टोचून आकडा बघितला आणि चालत घरी आले.

हे असंच राहणार आहे, मला माहीत आहे. सर अजून त्याच शाळेत शिकवतात. यंदा मी खेळशिक्षकाच्या कोर्सला प्रवेश घेतला आहे. त्यांच्यासारख्यांना मी माफ करणार नाही. मला त्यांच्या हातातली शिट्टी हवी आहे.