पिवळ्या जाकिटातला तो

माझा धाकटा भाऊ टीव्हीवर दिसणार म्हणून त्या संध्याकाळी मी मुद्दाम नगरहून सोनईला माहेरी गेले. नागापूरच्या एमआयडीसीतलं वेल्डिंगचं काम सोडून तो कतारला गेला होता. तिथं फुटबॉलचा विश्वचषक भरला तेव्हा एका स्टेडियमवर त्याला प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम मिळालं. "आपा, कोपऱ्यातल्या झेंड्यामागं बघ. पिवळं जाकीट असंल अंगात," असं त्यानं फोनवर सांगितलं होतं.

आमच्यात फुटबॉल कुणालाच कळत नाही. शेजारचे काका येऊन बसले, पण तेही क्रिकेटवाले. मॅचच्या आधी स्टेडियम आकाशातून दाखवलं आणि अम्मी विणकाम बाजूला ठेवून टीव्हीजवळ सरकली.

"अगं, ही तर टोपी हाय!"

खरंच टोपी होती. पांढरी, गोल, जाळीदार. अम्मी नमाजाच्या टोप्या विणते, साधारण तशीच. तिकडची पोरं-पुरुष डोक्यावरच्या रुमालाखाली अशी टोपी घालतात, तो त्यांचा वारसा म्हणून स्टेडियमला तिचं रूप दिलंय, असं निवेदक सांगत होता.

"मग आपल्या नगरात बांधलं असतं तर कशासारखं बांधलं असतं?" काकांनी मला विचारलं. मी नगरात राहते म्हणजे मला माहीत असणार.

"किल्ल्यासारखं," मी म्हणाले. "तो गोलच आहे."

"त्यापरीस डोंगरावरच्या महालासारखं."

"तो महाल नाही काका, मकबरा आहे म्हणतात."

"मग लोक महाल का म्हणत्यात?"

त्या डोंगरावर मी कधी गेलेच नाही. किल्ल्याच्या बाजूनं मी रोज जाते, आत मात्र एकदाच गेलेय, तेही पाहुण्यांना दाखवायला. त्यांनी काय काय विचारलं होतं आणि मी काय ठोकून दिलं होतं, तेही आता आठवेना.

तेवढ्यात मॅच सुरू झाली, आणि कळलं की झेंडे चारही कोपऱ्यांत आहेत. पिवळी जाकिटं तर जिकडेतिकडे. चेंडू गेला तिकडे कॅमेरा पळायचा आणि आम्ही भलतीकडेच बघत राहायचो.

"त्यो बघ! त्योच!" अम्मी ओरडली.

मैदानाकडे पाठ करून एकजण उभा होता. त्यानं मान वळवली, अर्धा चेहरा दिसला आणि गेला. मी मोबाईलवर व्हिडिओ घेतच होते, त्यात तेवढं आलं. अम्मी टीव्हीला हात हलवत होती.

"ह्यो न्हाई, वहिनी. ह्यो उंच हाय," काका म्हणाले.

मी पुन्हा पुन्हा तेच लावून बघितलं. कान त्याचे वाटत होते, उभं राहणं त्याचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "आपा, काल माझी ड्युटी बदलली. मी भाईर गेटवर हुतो."

अम्मीला सांगितलं तर ती ऐकेना. "खोटं बोलतोय त्यो. उभं राहून पाय दुखले असतील, गेटवर बसायला मिळतं असं मला वाटावं म्हणून असं सांगतोय." मला दोघांचंही पटत होतं.

पुढं तो सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला व्हिडिओ दाखवला. त्यानं तो दोन-तीनदा पाहिला, बोटांनी मोठा केला. चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले.

"मीच वाटतोय की गं."

"पण तू बाहेर होतास ना?"

"भाईरच हुतो. पण मधी एकदा पाण्याच्या बाटल्या घेऊन आत पाठवलं हुतं. आता ते त्याच दिवशी का दुसऱ्या... तिथं समद्यांच्या अंगात तेच जाकीट. मलाच वळखू येत न्हाई."

"बाकीच्या दिवशी मॅच तरी बघितल्यास का?"

"न्हाई. लोकांकडं तोंड करून उभं राहायचं. गोल झाला की त्यांच्या तोंडावरून कळायचं. निम्मे रडायचे, निम्मे नाचायचे. कुणी जिंकलं ते मात्र मागनं इचारायला लागायचं."

अम्मी सैपाकघरातून हे ऐकत होती. ती ताट घेऊन बाहेर आली, त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "तूच हुतास. जेव आता."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, जणू मीच काहीतरी सांगेन. मग मान हलवून तो जेवायला लागला.